करारावरची सही मुलीची असते

पत्र असे आहे:

“सलाम. मी अहिल्यानगरला माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमचे घराणे ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. अमेरिकेत इंडियाना राज्यात अपलँड नावाच्या गावी टेलर युनिव्हर्सिटी आहे, तिथे तिला कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला आहे. शिष्यवृत्ती वजा जाता वर्षाला बावीस हजार डॉलर आम्हाला भरावे लागतील. त्यासाठी सावेडीचा प्लॉट विकायची यांची तयारी आहे. ते म्हणतात, ख्रिस्ती युनिव्हर्सिटी, लहान गाव, दारू नाही, सिगारेट नाही, पोर सुरक्षित राहील. माझ्या नणंदबाई म्हणतात, ती माणसे फार कट्टर असतात, मुलगी बदलून येईल. मुलगी तिथला नियमांचा करार वाचल्यापासून गप्प आहे. तिची एक जिवलग मैत्रीण समलिंगी आहे, हे आम्हाला घरात माहीत आहे. ‘आई, मी यावर सही कशी करू?’ एवढेच तिने मला विचारले. मला उत्तर सुचले नाही. पाठवू का?”

ताई, सलाम.

मुलीला त्या करारावर मोकळ्या मनाने सही करता येत असेल आणि चारही वर्षांच्या पैशांची सोय दिसत असेल, तर पाठवा. ख्रिस्ती युनिव्हर्सिटी म्हणजे पोर सुखरूप, एवढ्याच कारणासाठी पाठवत असाल तर पाठवू नका. तुमच्या पत्रात मिस्टरांचे म्हणणे आहे, नणंदबाईंचे आहे, प्लॉटचा हिशेब आहे. मुलीचे एकच वाक्य आहे आणि माझ्या मते सगळे त्यावरच ठरायला हवे. त्याकडे येतेच, पण आधी ही जागा कशी आहे ते बघू.

टेलर ही कालपरवा उघडलेली संस्था नाही. १८४६ मध्ये इंडियानातल्याच फोर्ट वेन शहरात मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी मुलींचे कॉलेज म्हणून ती सुरू केली. पुढे मुलगेही आले, कर्जही वाढले, आणि १८९३ मध्ये संस्था अपलँडला हलली. त्या वर्षांत पूर्व इंडियानात नैसर्गिक वायू सापडला होता, गावोगाव कारखाने उभे राहत होते आणि अपलँडच्या लोकांना आपल्या गावात कॉलेजही हवे होते. वायू पुढे संपला, कॉलेज तिथेच राहिले. आज विद्यार्थी साधारण दोन हजार आणि गावाची वस्ती, विद्यार्थी धरूनसुद्धा, चार हजारांच्या आत. चारी बाजूंना मका आणि सोयाबीन. म्हणजे युनिव्हर्सिटी हाच गावाच्या पोटापाण्याचा मोठा आधार आहे. तिथे नोकरी करणारा, तिथे जेवण रांधणारा, तिथे शिकून तिथेच स्थायिक झालेला, अशी सगळी माणसे एकमेकांना ओळखतात.

आणि हे मिस्टरांना आवर्जून सांगा. ज्यांच्यावरून संस्थेला १८९० मध्ये हे नाव मिळाले ते अमेरिकन मेथडिस्ट धर्मप्रचारक विल्यम टेलर आपल्याकडे येऊन गेलेले आहेत. १८७० ते १८७५ या काळात ते भारतात होते. १८७१ च्या अखेरीस मुंबईत आले, पुण्यातही त्यांच्या सभा झाल्या, आणि मुंबई-पुण्याकडच्या मेथडिस्ट मंडळ्यांची, म्हणजे चर्चच्या समुदायांची, सुरुवात त्या कामातून झाली. परदेशी पैशावर मंडळी चालू नये, जिथली मंडळी तिथल्या माणसांनी स्वतःच्या खर्चाने चालवावी, हा त्यांचा आग्रह होता. पुढे ते आफ्रिकेचे बिशप झाले. हे नाते खरे आहे आणि मला त्याचे अप्रूप वाटते. पण त्या नात्यावर विसंबून ‘तिथे सगळे आपल्यासारखेच असणार’ असे समजू नका.

तिथले ख्रिस्तीपण इव्हँजेलिकल आहे, तुमचे वेगळ्या वळणाने आलेले. तुमच्या मुलीला हा फरक पहिल्या महिन्यातच जाणवेल. वसतिगृहाच्या मजल्यावर रात्री मुली गोल करून बसतील आणि कुणीतरी अगदी आपुलकीने विचारील, तुझी साक्ष काय? म्हणजे तू ख्रिस्ताकडे कधी आलीस, कशी आलीस. बायबल हाच शेवटचा अधिकार, वधस्तंभ हाच तारणाचा मार्ग, आणि प्रत्येकाने कळत्या वयात स्वतः येशूला स्वीकारलेले असावे, हे इव्हँजेलिकल श्रद्धेचे मुख्य धागे आहेत. काही मुलींना तो दिवस, ती जागा, ते शिबिर सगळे आठवत असते. तुमच्या मुलीचे तसे नसणार. लहानपणी बाप्तिस्मा, मग शब्बाथशाळा, मग दृढीकरण, आजीचा हात धरून रविवारची उपासना, नारायण वामन टिळकांची भजने, नाताळात घरोघर करंज्यांची ताटे. तिची श्रद्धा घरातल्या भाषेसारखी आली, कधी आली ते सांगता येत नाही.

तिने तिथे दबून जाऊन एखादी नाट्यमय गोष्ट रचू नये. आपली श्रद्धा कमी प्रतीची आहे असेही मानू नये. ‘मी ख्रिस्ती घरात वाढले आणि तो विश्वास हळूहळू माझा स्वतःचा झाला’ ही पुरेशी साक्ष आहे. तिथल्या कितीतरी पाळकांच्या मुलांची हीच असते. दुसरा प्रश्न हमखास येईल तो असा: भारतातली आहेस, मग ख्रिस्ती कधी झालीस? तेव्हा तिने सांगावे की नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले, म्हणजे टेलरच्या स्थापनेच्या पंधरा वर्षे आधी. चार पिढ्यांचा इतिहास तिला नीट सांगता यायला हवा, म्हणून जाण्याआधी घरातल्या मोठ्यांजवळ बसून तिने तो ऐकून घ्यावा.

आता करार. त्याला तिथे ‘लाइफ टुगेदर कव्हनंट’ म्हणतात आणि विद्यार्थ्यांबरोबर प्राध्यापक, कर्मचारीही त्यावर सही करतात. ही गोष्ट मला आवडते, कारण नियम फक्त पोरांना लावलेले नाहीत. दारू नाही, तंबाखू नाही. लग्नाबाहेर शरीरसंबंध नाहीत, आणि लग्न म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचे. मुलांनी मुलींच्या मजल्यावर यायच्या वेळा ठरलेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी रेडिगर चॅपलमध्ये उपासना असते. दारात हजेरी मांडण्यापेक्षा सही करणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवायची तिथली रीत आहे.

सही म्हणजे ‘मी या रीतीने वागेन’ असा दिलेला शब्द. ‘माझी मैत्रीण वाईट आहे’ असे तिच्याकडून कुणी लिहून घेत नाही, आणि मैत्री तोडायलाही सांगत नाही. इथपर्यंत तिला धीर देता येईल. पण गोष्ट इथे संपत नाही हे तिला कळते, म्हणूनच ती गप्प आहे. चार वर्षे वर्गात, चॅपलमध्ये, जेवणाच्या टेबलावर तिच्या मैत्रिणीसारख्या माणसांबद्दल बोलले जाईल. कधी प्रेमाने, कधी दुखावणारे. तेव्हा ती बोलेल की मान खाली घालून जेवत राहील? बोलली तर तिच्याशी वागणे बदलेल का? अमेरिकेत शिक्षणसंस्थांमधल्या लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा आहे. धार्मिक संस्थेच्या तत्त्वाला जिथे बाधा येते तिथे त्यात सूट मिळते. त्यामुळे आत्ता सही करू, नंतर नियमाविरुद्ध दाद मागू, असा रस्ता जवळपास नाही. जे आहे ते जाणूनच जायचे.

ताई, मुलीची ही अस्वस्थता श्रद्धेची कमतरता नाही. दिलेला शब्द पाळायचा असतो असे तिला वाटते, म्हणून ती अडखळली आहे. न वाचता सही करणारी कितीतरी मुले असतात, तशी ती नाही. तिला ‘सगळेच करतात, कर सही’ असे कृपा करून म्हणू नका. बसवून विचारा: या नियमांप्रमाणे वागणे तुला जमेल का? आणि जिथे तुझे मत वेगळे आहे तिथे ते मनात ठेवून, वेळ आली तर नम्रपणे बोलून, तुला तिथे राहता येईल का? पहिल्याचे उत्तर हो आणि दुसऱ्याचे नाही, असेही होऊ शकते. मग तिने जाऊ नये.

तिने स्वतः प्रवेश विभागाला ईमेल करून हे विचारावे. आडून नको, सरळ: माझे अमुक बाबतीत मत वेगळे आहे, नियम मी पाळीन, वर्गात आणि वसतिगृहात वेगळे मत मांडायला जागा आहे का? उत्तर कोणत्या सुरात येते त्यावरून बरेच कळते. शिवाय सध्या तिथे शिकणाऱ्या दोन-तीन मुलींशी व्हिडिओ कॉल मागून घ्यावा, त्यातली एक तरी भारतातून किंवा आशिया-आफ्रिकेतून आलेली असावी. तिथल्या सगळ्या माणसांचे मत एकच असते असेही नाही. २०१९ च्या मे महिन्यात पदवीदान समारंभाला तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स बोलायला आले. ते इंडियानाचे माजी गव्हर्नर आणि स्वतः इव्हँजेलिकल. त्यांच्या भाषणाआधी काही डझन विद्यार्थी आणि प्राध्यापक शांतपणे उठून बाहेर गेले. उरलेल्या सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली झाल्या. बाहेर जाणारे थोडे होते हेही ध्यानात ठेवा. नणंदबाईंचे ‘कट्टर’ हे एका शब्दातले माप म्हणूनच मला पटत नाही. पण त्यांची काळजी पूर्ण खोटीही नाही.

सुरक्षिततेबद्दल मिस्टरांशी बोलायला हवे. गावात गुन्हे कमी, रात्री ग्रंथालयातून वसतिगृहात चालत यायला भीती नाही, व्यसनाचे वातावरण नाही, हे सगळे मोलाचे आहे आणि बाप म्हणून त्यांना ते वाटणे साहजिक आहे. फक्त नियमाचा कागद मुलीला राखतो असे त्यांनी धरून चालू नये. जिथे चारित्र्याला फार मान असतो तिथे एखादीला त्रास झाला तर लाजेने तोंड न उघडण्याचा धोकाही मोठा असतो. म्हणून दोन गोष्टी करा. अमेरिकेतल्या कॉलेजांना ‘क्लेरी’ कायद्याखाली दरवर्षी कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो; टेलरचा अहवाल त्यांच्या संकेतस्थळावरून काढून मिस्टरांनी स्वतः वाचावा. आणि मुलीने विचारावे: मुलीने त्रासाची तक्रार केली आणि त्या प्रसंगी तिच्या हातून नियम मोडला गेला असेल, समजा ती दारू प्यायली असेल, तर तिच्यावर कारवाई होते का? तक्रार कुणाकडे करायची? याचे स्वच्छ उत्तर मिळायला हवे.

आणखी एक गोष्ट बापलोकांच्या ध्यानात येत नाही. अशा कॅम्पसवर लग्ने लवकर ठरतात. शेवटच्या वर्षाच्या वसंतापर्यंत बोटात अंगठी, अशी तिकडे म्हणच आहे. एकाच श्रद्धेची, एकाच वयाची दोन हजार मुले एका लहान गावात, दुसरे काय होणार? मला त्यात वाईट काही दिसत नाही. पण मुलगी चार वर्षांनी जशीच्या तशी नगरला परत येईल आणि मग आपण स्थळ बघू, अशी मनात गाठ असेल तर ती आत्ताच सोडा.

राहण्याबद्दल. गावात रेल्वे नाही, भरवशाची बस नाही. इंडियानापोलिसचा विमानतळ गाडीने साधारण दीड तासावर. मोठ्या खरेदीला मेरियन किंवा मन्सीला जायचे, तेही कुणाच्या तरी गाडीतून. गाडी नसलेल्या परदेशी मुलीचे पहिले वर्ष मैत्रिणींच्या मेहेरबानीवर जाते, आणि आपल्या मुलींना सारखी मदत मागायचा संकोच वाटतो. नाताळ, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत वसतिगृहे रिकामी होतात, तेव्हा ती कुठे राहील हे आधीच विचारून ठेवा. बरीच स्थानिक कुटुंबे परदेशी मुलांना घरी नेतात आणि अगदी घरच्यासारखे करतात. इव्हँजेलिकल माणसांच्या पाहुणचाराबद्दल मी वाईट ऐकलेले नाही. शिवाय दक्षिण इंडियानातल्या कोलंबस शहरात कमिन्स कंपनीमुळे पुण्याकडची बरीच मराठी मंडळी आहेत. अपलँडपासून गाडीने दोनेक तास. गणपती-दिवाळीला मराठी कानावर पडायला तेवढे जवळ पुरे.

मजा नाही असे समजू नका. डिसेंबरमध्ये परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी बास्केटबॉलचा एक सामना असतो. व्यायामशाळा खचाखच भरलेली, मुले पायजम्यात, सोंगे घेऊन आलेली, आणि टेलरचा दहावा गुण होईपर्यंत कुणी आवाज काढायचा नाही. हजारो माणसे गप्प, फक्त चेंडूचे आपटणे आणि बुटांची करकर. दहावा गुण पडला की छप्पर उडेल असा जल्लोष, आणि शेवटी सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाताळचे गीत गातात. दारूशिवाय जमलेला असला दंगा तुमच्या मुलीला आवडेल असे मला वाटते. गावातल्या ‘आयव्हनहोज’मध्ये शंभर प्रकारचे मिल्कशेक आणि शंभर प्रकारची संडे आइस्क्रीमे मिळतात, हेही तिला सांगा.

परदेशी विद्यार्थ्यांचा तिथला सगळ्यात आठवला जाणारा माणूस म्हणजे लायबेरियातून १८९१ मध्ये आलेला सॅम्युअल मॉरिस. संस्था तेव्हा फोर्ट वेनलाच होती. खोली कुठली हवी असे विचारल्यावर, जी कुणालाच नको असेल ती द्या, असे तो म्हणाला अशी आठवण तिथे सांगतात. १८९३ मध्ये तो आजारी पडून तरुणपणीच गेला. आज त्याचे पुतळे कॅम्पसवर आहेत आणि वसतिगृहालाही त्याचे नाव आहे. आदर मनापासूनचा आहे. तरीही कॅम्पस बहुतांशी गोऱ्या विद्यार्थ्यांचा आहे, आणि वर्गात आपण एकट्याच सावळ्या आहोत असे दिवस तिच्या वाट्याला येतील. तिला याची कल्पना असू द्या.

शिक्षणाची बाजू चांगली आहे. कॉम्प्युटर आणि इंजिनिअरिंगकडचे काम नाव घेण्यासारखे आहे. २०१४ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला छोटा उपग्रह अवकाशात गेला. वर्ग लहान, प्राध्यापक नावाने ओळखतात, नगरच्या मुलीला याचा फार उपयोग होतो. पदवी भारतात चालेल का याची खात्री मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) समकक्षता नियमांतून आत्ताच करून घ्या.

पैशांचे आता सांगते, आणि इथे मी कडक आहे. सवलतीशिवाय शिकवणी, राहणे, जेवण मिळून तिथला खर्च वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या पुढे जातो, म्हणजे तुम्हाला मिळालेली शिष्यवृत्ती मोठी आहे. पण उरलेले बावीस हजार म्हणजे आजच्या दराने वर्षाला अठरा-वीस लाख, चार वर्षांचे पाऊण कोटी. त्यात विमा, विमानभाडे, पुस्तके, थंडीचे कपडे धरलेले नाहीत. शुल्क दरवर्षी वाढते. शिष्यवृत्ती बहुधा तेवढीच राहते. ती टिकवायला किती गुण लागतात आणि गुण घसरले तर काय, हे लेखी घ्या. अमेरिकी सरकारची विद्यार्थी-मदत परदेशी मुलांना मिळत नाही. सत्राच्या काळात कॅम्पसवर आठवड्याला फार तर वीस तास काम करता येते. त्यातून हातखर्च सुटेल, शुल्क सुटणार नाही. प्लॉट विकून दोनच वर्षे भागणार असतील आणि पुढचे ‘प्रभू सोय करील’ यावर असेल, तर प्लॉट विकू नका. प्रभूवर भरवसा ठेवा, पण तिसऱ्या वर्षाचा हिशेब कागदावर मांडा.

हे इतके ठासून सांगते, कारण अमेरिकेतली लहान खासगी कॉलेजे सध्या अवघड दिवसांतून जात आहेत. अठरा वर्षांची मुले कमी होत आहेत आणि खर्च वाढतो आहे. आयोवातले आयोवा वेस्लियन आणि वेस्ट व्हर्जिनियातले ऑल्डरसन ब्रॉडस २०२३ मध्ये बंद झाले, इलिनॉयमधले लिंकन ख्रिश्चन २०२४ मध्ये. तिन्ही लहान गावांतली, चर्चशी नाते असलेली. टेलरची गोष्ट वेगळी आहे, तिची पटसंख्या टिकून आहे आणि गावाच्या मुख्य रस्त्याच्या सुधारणेसाठी लिली एन्डाउमेंट या इंडियानातल्या दानसंस्थेकडून तिला मोठे अनुदानही मिळाले आहे. तरी अशा कुठल्याही संस्थेत पोर घालताना गेल्या पाच वर्षांची पटसंख्या विचारायचीच. तुम्ही शाळेत आहात, पट घटला की काय होते ते मी तुम्हाला सांगायला नको.

शेवटी तारखांचे. युनिव्हर्सिटीकडून आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद, आला की सेव्हिसचे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे, साडेतीनशे डॉलर शुल्क भरून मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीची वेळ घ्यावी लागते. नियम सध्या सारखे बदलत आहेत, म्हणून एजंटच्या सांगण्यापेक्षा वकिलातीचे संकेतस्थळ बघा. मुलाखतीत ‘हीच युनिव्हर्सिटी का?’ हा प्रश्न तिला येईल. ‘बाबा म्हणाले’ हे उत्तर चालत नाही. पहिल्या वर्षाचे पैसे बँकेत दाखवावे लागतात, तेव्हा प्लॉटचा व्यवहार त्याआधी पुरा व्हायला हवा, आणि घाईत पडेल किमतीला विकायची वेळ आली तर विकू नका. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का आणि शिष्यवृत्ती तशीच राहील का, हे तिने त्याच ईमेलमध्ये विचारून घ्यावे. वर्षभर नगर किंवा पुण्यात शिकून मग ठरवले तरी बिघडत नाही. उत्तरे आली की मला कळवा, आणि पुढचे पत्र मुलीला लिहू द्या.